धडधाकट पायाला प्लास्टर

१६ सप्टेंबर २००७, ट्रॉय, मिशिगन

गाडीत ओल्या मोज्यांचा वास मुरलाय. आज दोनदा व्हॅक्यूम केलं, खायचा सोडा टाकून ठेवला, चारही खिडक्या उघड्या ठेवल्या, काही उपयोग नाही. इला धावायला लागल्यापासून आमच्या घरात प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी दमट पडलेलं असतं. मला अशा गोष्टींची पहिल्यापासून शिसारी. चारू लग्न झाल्यापासून म्हणतोय, तुला किळस यायला कारण लागत नाही. नाही लागत. ज्याला लागतं त्याने गाडी साफ करावी.

पण पोरगी धावते छान. हे इथेच लिहिता येतं, तिच्यासमोर म्हटलं तर "आई, प्लीज स्टॉप" म्हणून दार लावून घेते. आठशे मीटर म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यात बस पकडण्यापलीकडे कोणी कधी धावलेलं नाही, आणि आता कॉलेजांचे कोच हिच्याकडे बोट दाखवून एकमेकांशी बोलतात. अकरावीचं वर्ष आहे. येत्या वसंतात ती कशी धावेल त्यावर तिला कुठलं कॉलेज बोलावणार ते ठरेल. तिच्यासारखीच मीही दुसरा विचार करत नाही.

इलाच्या धावण्याच्या क्लबला यंदा नवीन कोच आहे. झिनाइदा पाव्हलोव्हना आणि पुढे काहीतरी लांबलचक. मुली कोच झिना म्हणतात. पन्नाशी ओलांडलेली, एके काळी सोव्हिएत संघातून आठशे मीटर धावलेली. दिवसा एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते. आवाज इतका घोगरा की पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी तिला "सर" म्हटलं. हनुवटीवर राठ केस आहेत, ते उपटायचेही कष्ट ती घेत नाही. मुली मात्र तिच्यावर जीव टाकतात.

२ ऑक्टोबर

इलाची नडगी दुखतेय. दोन आठवडे लपवून ठेवलं कार्टीने. डॉक्टर म्हणाले हाडावर ताण आलाय, अजून चीर दिसत नाही, पण पळत राहिली तर पडेल. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. बाहेर येऊन इला गाडीत इतकी रडली की मला पार्किंगमधून गाडी काढवेना.

कोच झिनाला सांगितलं. ती म्हणाली, "सहा नाही, आठ. तोवर पोहायचं." मी विचारलं, काही मालिश, काही औषध? तुमच्याकडे रशियात काहीतरी करत असतीलच ना? तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाली, "हो, करायचे." आणि शिट्टी वाजवत निघून गेली. शिष्ट बाई आहे.

५ ऑक्टोबर

टीव्हीवर दिवसभर एकच बातमी. ती एवढी पदकं मिळवलेली धावपटू कोर्टाबाहेर उभी राहून रडत होती. आपण उत्तेजकं घेतली होती, आणि घेतली का विचारल्यावर खोटं बोललो, असं कबूल करत होती. कोच जवसाचं तेल म्हणून द्यायचा म्हणे. जवसाचं तेल! समोरचा माणूस तोंडात काय घालतोय हे विचारायचं नाही? इतकं बावळट कोणी असतं का? आणि घरचे काय करत होते? शेजारी आई उभी होती. तुला काहीच कसं दिसलं नाही ग बाई? मला तर इलाची शिंक ऐकून तिने काय खाल्लं ते सांगता येतं.

टीव्ही बंद केला.

२१ ऑक्टोबर

आसावरीच्या, म्हणजे क्लबमधल्याच एका मुलीच्या आईच्या, सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांच्याबरोबर शरयूमावशीने पुड्या पाठवल्यात. मावशीला मी फोनवर नडगीचं सांगितलं तेव्हाच ती म्हणाली होती, "ते सहा आठवडे वगैरे राहू दे. सासवडच्या पुढे एक वैद्य आहेत. पाटीसुद्धा लावत नाहीत, इतकी माणसं येतात. माझे गुडघे विचार. परवा दोन जिने चढून गेले, मध्ये थांबले नाही."

फिकट तपकिरी पूड आहे. रोज सकाळी उपाशीपोटी मधातून. इलाला सांगितलं असतं तर तिने वीस प्रश्न विचारले असते, मग इंटरनेटवर बसली असती. म्हणून सांगितलं सितोपलादी आहे. लहानपणापासून खोकल्याला तेच चाटण घेत आलीय, चव मधापुढे कुठे कळते? न कुरकुरता चाटलं. खोटं तरी कसं म्हणायचं याला, चूर्ण ते चूर्णच.

चारूने एक पुडी हुंगली आणि म्हणाला, "यात काय आहे नक्की?" याच्या कंपनीत गाड्यांचे पार्ट येतात, प्रत्येक बोल्टबरोबर सर्टिफिकेट लागतं, नाहीतर माल परत. मी म्हटलं, "माझ्या मावशीला सर्टिफिकेट लागत नाही." त्याने पुडी दुमडून परत ठेवली.

४ नोव्हेंबर

चौथ्या दिवसापासून दुखणं गायब! जिना दोन-दोन पायऱ्या करत उतरते. मी देवापुढे साखर ठेवली आणि मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "मी काय सांगत होते? पण बंद करू नकोस हं, वर्षभर तरी चालू ठेवायचं, मुळापासून जायला हवं." पुढच्या पुड्या ती कोणाबरोबर तरी पाठवत राहील.

कोच झिना अजून आठ आठवड्यांवर अडून आहे. "दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही," म्हणते. या लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

१९ जानेवारी २००८

दोन महिने लिहिलंच नाही. सगळं छान चाललंय तेव्हा कोण वही उघडतं!

काल आसावरीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इलाला ओढून नेलं. सगळ्या बायका म्हणाल्या, "अगं, काय छान भरलीय! आधी नुसती काटकी होती." खरंच, गाल कसे गोबरे झालेत. जेवतेसुद्धा मनापासून, तिसरी पोळी मागून घेते. सोळा वर्षं जिच्यामागे ताट घेऊन धावले ती मागून खातेय हे सुख कोणाला सांगू? इला आरशात बघून म्हणते, "माय फेस इज फॅट." वेडी आहे.

धावते तर अशी की बघत राहावं. डिसेंबरात पुन्हा ट्रॅकवर उतरली आणि इनडोअर स्पर्धांच्या पहिल्याच मीटला स्वतःचा जुना वेळ मागे टाकला.

२ फेब्रुवारी

आज ॲन आर्बरला मीट होती. कोच झिनाची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून तिला आमच्या गाडीतून नेलं. येताना इला मागे झोपली होती, बाहेर बर्फ, गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला तिच्या धावण्याबद्दल विचारलं. न विचारते तर बरं झालं असतं.

ती तुटक इंग्रजीत बोलते, मी इथे मराठीत लिहिते. उरल पर्वताजवळच्या पोलादाच्या गावातली. बारा वर्षांची असताना शहरातून तीन माणसं शाळेत आली. त्यांनी मुलींना ओळीत उभं केलं, मनगटं, कंबर, पायाचे घोटे मोजले, दात पाहिले. बाजारात बैल घेतात तसं. हिला निवडलं. घरापासून दूर क्रीडाशाळेत टाकलं. मी म्हटलं, आई रडली असेल. म्हणाली, "आई खूश होती. तिथे रोज मांस मिळायचं."

चारशेला तिचा वेग कमी पडायचा आणि पंधराशेला ती शेवटी ढेपाळायची, म्हणून आठशे. एकविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात. काळ्या समुद्राकाठी कॅम्प. तिथे डॉक्टर सकाळी चहाबरोबर गोळ्या द्यायचा, बशीत मोजून. व्हिटॅमिन. सगळ्या मुली एका रांगेत उभ्या राहून घ्यायच्या आणि तोंड उघडून दाखवायच्या.

"व्हिटॅमिन नव्हती ती," ती म्हणाली. मीठ कमी पडलंय असं सांगावं त्या सुरात.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ती म्हणाली, "विचारायचं नाही एवढं माहीत होतं." त्या वर्षी तिने घरी ट्रंक कॉल केला. आईने फोन घेतला, हिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "मला झिनाशी बोलायचंय, तिला बोलवा." हिने तीनदा सांगितलं मीच झिना. मग लाइन कटली.

हे सांगून ती चक्क सँडविच खायला लागली. माझ्या शेजारी बसून, माझ्या गाडीत. अंड्याचं.

३ फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जात नाही. शी! रोज कोणीतरी देतंय आणि ही आ करतेय. आणि लाज नाही ती नाहीच. पश्चात्तापाचा एक शब्द तरी? तिच्या हाताखाली आमच्या मुली शिकतायत. मी आसावरीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डिसगस्टिंग यार." अगदी बरोबर शब्द.

सकाळी इलाला चाटण देऊन मीटच्या कपड्यांचं मशीन लावलं. तिच्या गालांवर लव वाढलीय, वयच आहे. बेसन आणि साय लावायला सांगितलं, ऐकेल तर शपथ.

१ मार्च

पुन्हा कोच झिना गाडीत. पुन्हा मीच विचारलं. किळस येते आणि तरी विचारल्याशिवाय राहवत नाही, घाणीवर झाकण असलं की उघडून बघावंसं वाटतं तसं.

परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. आयुष्यातली सगळ्यात चांगली तयारी. निघायच्या आठवड्यात डॉक्टरने आतल्या आत सगळ्यांची तपासणी केली. हिच्या अंगातून ते औषध अजून उतरलेलं नव्हतं. तिथे पकडली गेली असती. मग काय करावं? वर्तमानपत्रात नाव छापून आलेलं. त्यांनी तिच्या उजव्या पायाला प्लास्टर घातलं. धडधाकट पायाला! गुडघ्यापर्यंत. पत्रकारांना सांगितलं, सरावात हाड मोडलं. तिने सहा आठवडे ते प्लास्टर वागवलं, कुबड्यांवर चालली, गावी गेली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. आईलाही सांगायची परवानगी नव्हती.

"आत पाय खाजायचा," ती म्हणाली. "काढलं तेव्हा पोटरी एवढीशी झाली होती. जो पाय मोडला नव्हता तो खरंच निकामी झाला." पुढे ती पुन्हा उभी राहिली, धावली, जिंकलीही. चौऱ्याऐंशीत त्यांच्या देशाने ऑलिंपिकवरच बहिष्कार घातला, तेव्हा ही अठ्ठावीस वर्षांची होती. संपलं.

मला एक क्षण तिची दया आली. लगेच रागही आला. प्लास्टर घालून घेतलं कसं हिने? ओरडायचं ना! पाय तुझा आहे ना?

उतरताना तिने मागे वळून झोपलेल्या इलाकडे पाहिलं, बराच वेळ. म्हणाली, "चेहरा बदललाय हिचा." मी म्हटलं, हो, तब्येत सुधारलीय.

५ एप्रिल

आजचा संताप लिहून संपणार नाही.

कोच झिना न सांगता घरी आली. इला पोहे खात होती. तिच्या दंडावर दोन निळे डाग आहेत, कुठे आपटली आठवत नाही म्हणते. झिनाने ते पाहिले, समोर बसली आणि थेट विचारलं, "तू काय घेतेस?"

इला म्हणाली, "नथिंग. जस्ट द कफ थिंग."

"खोकला आहे?"

"नो."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, आमचं घरगुती चूर्ण आहे, हजारो वर्षांचं, तुम्हाला नाही कळणार. ती म्हणाली, दाखवा. एका लॅबला पाठवू, मी पाठवते. माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुम्ही? तुम्ही मला विचारणार? आयुष्यभर रांगेत उभं राहून गोळ्या खाल्ल्या तुम्ही. प्रत्येकाला आपल्यासारखं समजू नका. माझ्या मावशीने पाठवलंय ते, तुमच्या डॉक्टरने नाही."

ती उठली. दारात म्हणाली, "आमचा डॉक्टर वाईट माणूस नव्हता. आम्हाला सर्दी झाली की तो रात्रभर जागायचा."

हिची हिंमत! माझ्या घरात बसून माझ्या मावशीला त्या माणसाच्या रांगेत बसवते.

८ एप्रिल

क्लबच्या सगळ्या पालकांना ईमेल पाठवली. प्लास्टरसकट सगळं लिहिलं. जिचा हा इतिहास आहे ती आमच्या मुलींच्या आसपास नको, त्यांच्या शरीराची जबाबदारी अशा बाईवर नको. आसावरीने पहिल्या पाच मिनिटांत "टोटली अग्री" पाठवलं. चारूने वाचून विचारलं, "तिने तुला विश्वासाने सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, विश्वासाने सांगितलं म्हणून घाण कमी होते का?

२० एप्रिल

कोच झिनाला काढलं. मीटिंगमध्ये तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिट्टी टेबलावर ठेवली आणि गेली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलंही, घरी येईपर्यंत.

इला माझ्याशी बोलत नाहीये. "यू हॅड नो राइट," एवढंच. मोठी झाली की कळेल.

९ मे

मावशीचा फोन. वैद्यांच्या दाराला कुलूप आहे. शेजारी काही धड सांगत नाहीत, कोणी म्हणतं पोलीस येऊन गेले, कोणी म्हणतं यात्रेला गेलेत. मावशी वैतागलीय, तिचे गुडघे पुन्हा धरलेत आणि अंगात त्राण नाही म्हणते. माझ्याकडच्या पुड्या सोमवारीच संपल्या. हरकत नाही. इलाला आता दुखत नाही, सहा महिने झाले, मुळापासून गेलं असणार. पुढच्या शनिवारी रीजनल स्पर्धा आहे. पहिल्या दोघींत आली की स्टेटला.

१४ मे

इला मरगळलीय. जेवण नको म्हणते, सकाळी उलटी झाली. मनावर घेतलंय तिने, दुसरं काय. कोचचं प्रकरण आणि शनिवारचं टेन्शन. लिंबू-सरबत दिलं.

१७ मे

हॉस्पिटलमधून लिहितेय. दुपारचे चार वाजलेत. मिळेल त्या कागदावर लिहितेय, नंतर वहीत चिकटवेन. काहीतरी केल्याशिवाय बसवत नाही.

पहिल्या फेरीत ती तिसरी होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा पाय वाकडा पडला आणि ती आडवी झाली. मुली पडतात, उठतात. ही उठली नाही. मी कुंपण ओलांडून धावले. चेहरा राखेसारखा, अंग गार, घामाने भिजलेली. मला ओळखत होती पण बोलता येत नव्हतं.

नडगीचं हाड मोडलंय. पण डॉक्टर म्हणतात तेवढ्याने ब्लड प्रेशर असं पडत नाही. सलाइन लावलंय तरी वर येत नाहीये. आत्तापर्यंत तिघांनी विचारलं, कुठलं औषध घेते? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही, साधी क्रोसिनसुद्धा नाही. शेवटची डॉक्टर तरुण होती, तिने विचारलं, "स्टेरॉइड्स?" तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं मला. इंडियन नाव बघून, धावणारी मुलगी बघून सरळ हे विचारायचं? चारू काहीतरी बोलायला गेला, मी त्याचा हात दाबला. आयुर्वेदिक म्हणजे काय औषध आहे का? आणि तेही बंद होऊन बारा दिवस झाले.

१८ मे

हे नीट लिहायला हवं. मला टाळायचंय, म्हणूनच लिहायला हवं.

काल पाचच्या सुमारास कोच झिना आली. कुणा मुलीने कळवलं असणार. डेंटिस्टकडच्या कपड्यांतच होती. मला वाटलं आता ही सूड घेणार, सगळ्यांसमोर बोलणार. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांना पुडीचं सांगितलंत?"

मी म्हटलं, ते औषध नाही.

ती म्हणाली, "कॅम्पमध्ये माझ्या खोलीत ल्युबा होती. एकदा आमचा डॉक्टर सुट्टीवर गेला, गोळ्या थांबल्या. दहाव्या दिवशी ल्युबा अशीच पडली. गावातल्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरने मला विचारलं, ही काय घेत होती? मी म्हटलं, काही नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग मी दुसऱ्या दिवशी हीटची शर्यत जिंकले."

ल्युबाचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. तिची जी किळस मला इतके महिने येत होती ती मी शोधली आणि सापडली, पण आता त्या किळसेचं तोंड माझ्याकडे होतं. मला माझीच किळस आली.

मग मी उठले. त्या तरुण डॉक्टरला शोधलं. इलाच्या खोलीतच होती. बाहेर बोलावू का असं मनात आलं, इलाच्या कानावर जायला नको म्हणून. इला शुद्धीत होती, डोळे उघडे. पण बाहेर बोलावायलाही वेळ आहे का, हे मला माहीत नव्हतं. तिथेच सांगितलं. रोज, ऑक्टोबरपासून, मधातून. त्यात काय होतं माहीत नाही. इलालाही माहीत नव्हतं, मी तिला दुसरंच नाव सांगत होते.

डॉक्टरने एकही प्रश्न न विचारता नर्सला काहीतरी आणायला पाठवलं. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात इलाच्या गालांवर रंग आला. त्या गालांवर.

इलाने मान भिंतीकडे वळवली. बाहेर आले तर झिनाची खुर्ची रिकामी होती.

२९ मे

घरी आणलं. चारूने रिकाम्या पुड्यांचे कागद झटकून लॅबला दिले होते. स्टेरॉइडच निघालं, आणि थोडंथोडकं नाही. त्यानेच दुखणं झाकलं, त्यानेच चेहरा सुजवला. आतून हाडं पोखरली, आणि ती त्या चीर पडत चाललेल्या हाडावर सगळा हंगाम धावत राहिली. शरीर स्वतःचं जे बनवतं ते बनवायचं विसरून गेलं, म्हणून एकदम थांबल्यावर कोसळली. आता डॉक्टरांच्या गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या. धावायचं? वर्षभर नाही. नंतरचं नंतर, असं म्हणाले. म्हणताना माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते.

मावशीला सांगितलं, ताबडतोब डॉक्टरकडे जा. ती रडत म्हणाली, "मी चांगल्यासाठीच दिलं ग." मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण हे वाक्य माझ्याच तोंडात तयार होतं, तिने आधी म्हटलं इतकंच. खरंतर विचारायला हवं होतं. पण मावशीला कोण असं विचारतं? तिने मला हाताने भरवलंय. हे मी कोणाला सांगतेय?

क्लबला ईमेल लिहिली, सगळ्या पालकांना. पुडीसकट. आसावरीचं अजून उत्तर नाही. झिनाला क्लबने परत बोलावलं, तिने नको कळवलं. मी तिच्या डेंटिस्टकडे गेले होते. ती काउंटरमागे होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "अपॉइंटमेंट आहे?" मी नाही म्हटलं. मागे एक म्हातारे गृहस्थ उभे होते, तिने त्यांना पुढे बोलावलं.

१५ जून

इलाच्या पायाला प्लास्टर आहे, मांडीपर्यंत. मैत्रिणी सही करायला आल्या तर तिने करू दिली नाही.

माझ्याशी बोलते. भांडत नाही, दार आपटत नाही. भांडली असती तर बरं. गोळ्या स्वतःच्या स्वतः घेते, बाटलीवरचं बारीक अक्षर रोज नव्याने वाचून. परवा चारूने विचारलं, कॉलेजचं काय करायचं? म्हणाली, "समव्हेअर फार."

आज दुपारी मी वरणभात केला. आजारातून उठलं की आमच्याकडे तोच करतात. गरम भात, वरण, वर तूप, लिंबाची फोड. ताट तिच्यासमोर ठेवलं. तिने चमचा उचलला नाही. भाताकडे बघत शांतपणे विचारलं, "व्हॉट्स इन इट?"

मी म्हटलं, तांदूळ. तूरडाळ. हळद, हिंग, मीठ, तूप.

"अँड?"

"आणि काही नाही, राजा."

तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ, तोलून. मग कुबड्या घेतल्या, फडताळापर्यंत गेली, नाश्त्याच्या सीरियलचं नवीन खोकं काढलं, आतली पिशवी बंद आहे ना ते उजेडात धरून पाहिलं आणि स्वतःच्या दातांनी फोडली.